फडानं वीज वाटणारे साहेब

रावेर-फैजपूरच्या पट्ट्यात केळी विकत घेऊन खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साहेब होता. त्या भागात केळी कोणी विकत घेत नाही. कुणाच्या घरी पाऊल टाकलं की फणी पुढे येते, आणि पॅकिंगच्या शेडवर बारीक म्हणून बाजूला काढलेला माल गाईसुद्धा कंटाळून खातात. पण आमचे साहेब बाजारात उभे राहून केळी रोख घ्यायचे, वर भावावरून घासाघीस करायचे. विकणारा बिचारा ओशाळायचा, 'घेऊन जा ना साहेब' म्हणायचा. साहेब ऐकायचे नाहीत. 'शेतकऱ्याचं केळं खाल्लं, की त्याची मोटर जळाल्यावर त्याला खरं बोलता येत नाही,' असं त्यांचं म्हणणं. लोक म्हणत, साहेब तिरसट आहे. तो होताच.

मी धुळे शहरातली. वीज खात्यात नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक फैजपूरजवळच्या एका सबस्टेशनवर, ह्यांच्या हाताखाली. हजर व्हायला गेले तर साहेब केबिनमध्ये नाहीत. ऑपरेटरनं नुसतं बोट वर केलं. साहेब गच्चीवर होते, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, जळगावच्या त्या भाजणाऱ्या उन्हात सातपुड्याकडे तोंड करून उभे. मी नमस्कार केला. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तो डोंगरावरचा पांढरा ठिपका दिसतोय? इकडे येईल की परस्पर यावलकडे जाईल?"

मी म्हटलं, "सर, माझा अभ्यास ट्रान्सफॉर्मरच्या संरक्षणाचा आहे."

"मग तर तुम्हाला हे आधी यायला हवं," ते म्हणाले. तो ठिपका, म्हणजे ढगाचा तुकडा, यावलकडे गेला. साहेबांनी समाधानानं मान हलवली आणि मगच माझे कागद मागितले.

त्यांच्या भाषेची तऱ्हा उलटी होती. एरवी माणूस रागावला की गावाकडचं बोलतो. हे खूश असले की अहिराणीत यायचे आणि रागावले की पुस्तकी मराठीत. "काय करी ऱ्हायनी, पोरी?" असं ऐकू आलं की समजायचं, दिवस बरा जाणार. पण "मॅडम, आपण जरा येण्याची तसदी घ्याल का?" असा निरोप आला की हातातलं काम टाकून धावायचं. एका लाइनमननं खांबावर चढताना सुरक्षा पट्टा लावला नव्हता, त्याला साहेबांनी 'आपल्या कुटुंबाविषयी मला नितांत आदर आहे' एवढंच ऐकवलं. तो गडी दुसऱ्या दिवसापासून शिडीवर चढतानाही पट्टा लावायला लागला.

साहेब पांझरा नदीकाठच्या एका खेड्यातले, साक्रीच्या बाजूचे. तरुणपणी त्यांची नेमणूक तिकडच्याच पठारावर होती. तिथं तेव्हा पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. वाऱ्याची वीज कधी किती येईल, याचा कुणाला पत्ता नसायचा. साहेबांनी क्वार्टरच्या फाटकावर रोज एक टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. सकाळी तो कसा हलतो ते पाहून ते लांबच्या मुख्य नियंत्रण केंद्राला फोन लावत, 'संध्याकाळी वारा पडेल, कोळशाची चूल पेटती ठेवा.' तिथले लोक आधी हसले. पुढे पुढे तेच सकाळी फोन करून विचारू लागले, 'साहेब, टॉवेल काय म्हणतोय?' एकदा मात्र साहेबांनी वारा मुळीच नाही म्हणून कळवलं आणि दुपारी सगळ्या चक्क्या भणाणून फिरल्या. घरी येऊन पाहतात तर वहिनींनी त्या दिवशी टॉवेलाला खळ दिली होती, तो कडक टॉवेल हलणार कसा! हा किस्सा साहेब स्वतःच सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. आता अंदाज वर्तवायला यंत्रं आहेत, उपग्रह आहेत. त्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. 'फक्त यंत्र बघून झाल्यावर खिडकी उघडा,' एवढंच ते म्हणत.

दुपारी ते जेवायचे नाहीत. डबा उघडायचा तो ऊन कलल्यावर, साडेतीन-चारला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि वर तांब्यातलं पाणी. तो तांब्या सोनगीरच्या तांबटाकडून घडवून आणलेला होता आणि त्याला दुसऱ्या कोणी तोंड लावलेलं त्यांना खपत नसे. मी एकदा विचारलं, "सर, अशी उपास काढल्यासारखी दुपार का घालवता?"

"पोरी, कोळसा हा घरचा गडी. हाक मारली की उठतो. ऊन आणि वारा हे पाहुणे. पाहुणा घरात असताना यजमानानं पानावर बसायचं नसतं."

मला वीज शिकवली ती ह्या माणसानं. पुस्तकात सगळं होतं, पण त्यातलं काय महत्त्वाचं ते त्यांनी सांगितलं. केळीचा घड कापला तरी काही दिवस थांबतो, वीज क्षणभर थांबत नाही. जेवढी तयार झाली तेवढी त्याच घटकेला खपली पाहिजे. कमी पडली तरी पंचाईत, उरली तरी पंचाईत. आजवर आपण माणसांना हवी तेव्हा वीज तयार करत होतो. आता सूर्य देईल तेव्हा ती वापरायला शिकायचं आहे, आणि हा आख्ख्या देशाचा प्रश्न आहे, असं ते सांगत. वर पुस्ती जोडत, 'देशाचं दिल्लीवाले बघतील. आपल्याकडे एक सबस्टेशन आहे, ते तरी आपण नीट चालवू.'

आणि त्या एका सबस्टेशनवरच सगळी लढाई झाली.

आमच्या भागात शेतीला वीज मिळायची ती बहुतेक रात्रीची. केळी ठिबकवर असते, त्यामुळे मोटर चालू झाली म्हणजे काम संपलं असं होत नाही. दर थोड्या वेळानं वावरात जाऊन व्हॉल्व्ह फिरवावे लागतात. केळीच्या बागेत दिवसाही अंधार असतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या आहे. सबस्टेशनला लागून असलेल्या गावात एक अक्का होत्या. नवरा गेलेला, मुलगा ट्रकवर, म्हणून शेती त्या आणि त्यांची सून बघायच्या. सून बॅटरी धरायची, अक्का ताट वाजवत पुढे चालायच्या.

मग गावच्या माळावर सोलर प्लांट उभा राहिला, त्याची वीज थेट आमच्या सबस्टेशनात आली, आणि साहेबांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून शब्द दिला की आता मोटरीला दिवसा लाईट मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी नाही वाजवल्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "साहेब, रातच्याले केयीत जानं काय असते ते तुमच्या खुर्चीले नाही समजनार. दिवसा लाईट देता ना, मंग देऊन पुन्हा काहाडून नका घेऊ. झोपेची सवय लागली ना, तर पुन्हा जागनं नाही होनार माह्याच्यानं."

साहेब म्हणाले, "नाही घेणार, अक्का."

पहिले काही दिवस छान गेले. मग एका दुपारी सूर्यावर ढग आला. सोलरची वीज एकदम खाली आली, सगळा भार आमच्या एकट्या ट्रान्सफॉर्मरवर पडला आणि तो ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. एवढं चालून जातं. आम्ही पुन्हा लाईन चालू केली, तर क्षणात पुन्हा ट्रिप. पुन्हा चालू केली, पुन्हा ट्रिप. ढग जाऊन लख्ख ऊन पडलं तरी आमचं हेच चाललं होतं.

ह्याचं कारण होतं ऑटो. आमच्याकडे प्रत्येक मोटरीच्या पेटीत एक छोटं यंत्र असतं, लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारं. सगळे त्याला ऑटो म्हणतात. लाईट आली रे आली की गावातल्या झाडून सगळ्या मोटरी एकदम पाणी ओढायला उठायच्या. मोटर उठताना चालत्या मोटरीच्या कितीतरी पट वीज खाते. आणि सोलरची यंत्रं मात्र शहाणी. लाईन पाच मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय वीज सोडायची नाहीत. लाईन पाच सेकंद टिकत नव्हती.

जळगावहून वरिष्ठ आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मागेही कोणीतरी लागलं होतं. ते स्पष्ट म्हणाले, "अखजीचा सण झाला की मी स्वतः येऊन बघणार. ढग आल्यावर ट्रान्सफॉर्मर टिकला तर ठीक. नाहीतर शेतीच्या लाईनीचा हा फीडर पुन्हा रात्रीच्या पाळीत टाकतो."

साहेबांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, पुढचा बघेल. साहेबांनी गावाची बैठक बोलावली आणि फडाची गोष्ट काढली. पांझरेच्या काठी बंधाऱ्याचं पाणी वाटायची जुनी रीत आहे. सगळ्या शेतीचे मोठे तुकडे पाडतात, त्यांना फड म्हणतात. फडाला ठरलेल्या पाळीनं पाणी मिळतं, आणि ते गावानं नेमलेला पाटकरी देतो. शेतकरी स्वतः पाण्याची दारं धरत नाही. साहेब रंगात आले. "आम्हना गावमा पाटना पानीले कोनी हात लावत नही. पाटकरी सांगी, तवयच! विजेचं तसंच करू. गावाचे चार फड. ढग आला की मी भोंग्यावरून सांगेन, पहिल्या फडानं मोटरी बंद करायच्या, ढग मोठा असला की दुसऱ्यानंही. ढग गेला की एकेक करून चालू. सगळ्यांनी ऑटो काढून टाका."

गावातली मंडळी लेवा, त्यांची बोली वेगळी; त्यांना ती अहिराणी अर्धी कळली, अर्धी हसण्यात गेली. पण मुद्दा पटला. "आधी माह्याच फड बंद ठेवत जा," अक्का म्हणाल्या, म्हणून त्यांचा फड पहिला. माना हलल्या, चहा झाला.

दोन दिवसांनी ढग आला. साहेबांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आरोळी ठोकली, "ढग उना! पहिला फड बंद!" आणि ट्रान्सफॉर्मर धाडकन ट्रिप झाला.

झालं असं, की प्रत्येकानं विचार केला, बाकी सगळे ऑटो काढून मोटरी बंद करणारच आहेत, माझ्या एकट्याच्या मोटरीनं काय होतं? गावात मोटर वाइंडिंगचं दुकान असलेले एक चाचा होते. सगळे ऑटो त्यांनीच बसवलेले. ते येऊन म्हणाले, "साहेब, एकानंबी नाही काढला. तुम्हाला दाखवायला काढला, संध्याकाळी परत लावून घेतला. माझ्याचकडून लावला."

"आणि तुम्ही लावून दिलात?" साहेबांची मराठी शुद्ध होऊ लागली होती.

"मी बी काय करू? मोटरा जळल्या नाही तर मी खाऊ काय?"

मला वाटलं, आता ह्या माणसाची धडगत नाही. पण साहेब जिना चढून वर गेले. बराच वेळ गच्चीवर फिरत राहिले. खाली आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. "पोरी, तो ऑटो लोकांनी हौसेनं नाही लावला. लाईट कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा आपण कधी दिलाच नाही. आली की पकडायची, एवढंच त्यांना माहीत. आधी भरवसा आपण द्यायचा, मग त्यांनी ऑटो काढायचा. आपण उलटं मागत होतो."

त्या दिवसापासून साहेब रोज सकाळी भोंग्यावरून लाईटची वेळ सांगू लागले. इतक्या वाजता येईल, इतक्या वाजता जाईल, दुपारी ढगाची शक्यता आहे की नाही. आणि मिनिटाचा फरक पडू दिला नाही. एकदा लाईन दुरुस्तीमुळे उशीर होणार होता, तर तो उशीरसुद्धा आधी सांगितला आणि बरोबर तेवढाच केला. चैत्राचं ऊन, सकाळ-संध्याकाळ भोंगा. साहेबांचा घसा पार बसला. बायका त्यांचा आवाज ऐकून स्वयंपाकाची वेळ ठरवू लागल्या. चाचांना त्यांनी जळगावहून मोटर हळू सुरू करणारं एक नवं यंत्र आणून दाखवलं आणि म्हणाले, "जळालेल्या मोटरीवर किती दिवस जगाल? हे बसवा, आयुष्यभर दुरुस्तीला येत राहील." चाचा खोखो हसले. "साहेब, तुम्ही बनिया व्हायला पाहिजे होते."

अखजी आली. खानदेशात अक्षय तृतीयेला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्या वर्षी ते झोके रिकामे ठेवून अक्का लेकी-सुनांचा घोळका घेऊन निघाल्या. मी सोबत होते. प्रत्येक दारात अक्का तेच बोलायच्या. "साहेबानं इतके दिवस सांगितल्या टायमाले लाईट देली का नाही देली? मंग तुह्या ऑटो काहून हाय अजून? तुही पोरगी माहेरी आली, तिले आज रात्री वावरात धाडतो का झोका खेयू देतो?"

पुरुष पेटीची किल्ली काढून द्यायचे. चाचा पान्हा घेऊन मागे होतेच. स्वतः बसवलेले ऑटो स्वतःच्या हातांनी काढत गेले. एकानं कुरकुर केली, तर त्याच्या सख्ख्या बहिणीनंच पेटी उघडून दिली. संध्याकाळी लेकी झोक्यांवर बसल्या तेव्हा गावात एक ऑटो उरला नव्हता, हे चाचांनी कुराणाची शपथ घेऊन सांगितलं.

वरिष्ठ आले ते दोन दिवसांनी, दुपारी. येऊन साहेबांच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची खिडकीसमोर होती. त्यामुळे जन्मभर खिडकीकडे तोंड करून बसलेल्या साहेबांची पाठ खिडकीकडे झाली. भोंग्याजवळ आज ते नव्हते आणि असते तरी उपयोग नव्हता, घशातून नुसती हवा निघत होती. वरिष्ठ फायली उघडून एकेक प्रश्न विचारत होते. शेवटी म्हणाले, "समजा, आज जमलं. तुम्ही रिटायर झाल्यावर ह्या लोकांना कोण हाकणार?"

तेवढ्यात जमिनीवरचा उन्हाचा पट्टा विझला. मी पाहिला. साहेबांनीही पाहिला. बाहेरून ऑपरेटर ओरडला, "सोलर पडतंय!"

साहेब उठले. वरिष्ठ म्हणाले, "बसा हो, माझं संपलेलं नाही." साहेबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. केवढी मेहनत, आणि ती ह्या खुर्चीपायी वाया जाणार, असं वाटून मी रडायच्या बेतात होते.

आणि गावाकडून भोंगा वाजला. आवाज बाईचा होता, खणखणीत.

"ढग उना! पहिला फड बंद करा रे! माह्या आधी बंद केला!"

आम्ही तिघंही पॅनलकडे धावलो. भाराचा काटा लाल रेघेकडे चढत होता, तो अडखळला आणि खाली सरकला. ढग मोठा होता. सोलर आणखी पडलं, काटा पुन्हा चढू लागला. कोणी काही सांगायच्या आत भोंगा बोलला, "दुसरा फड बंद!" काटा पुन्हा खाली आला आणि तिथंच थरथरत राहिला. ट्रान्सफॉर्मरनं नुसती घरघर केली, पण तो टिकला. उरलेल्या दोन फडांत पाणी चालू होतं, आणि गावावर तो ढग चांगला ऐसपैस पसरून बसला होता.

"त्या बाईंना कोणी कळवलं?" वरिष्ठांनी विचारलं.

मी म्हटलं, "कोणी नाही, सर. त्यांनी वर बघितलं."

साहेब दोन्ही हात पॅनलवर टेकून उभे होते. चेहरा घामानं निथळत होता आणि त्यावर जे हसू होतं, तसं मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नाही. पुढे त्या भागातल्या बऱ्याच सबस्टेशनांवर फड पडले. आज मी धुळ्याच्या नियंत्रण कक्षात बसते, तिथं पडद्यांवर सगळ्या जिल्ह्याचं ऊन आणि वारा दिसतो. ढग सरकताना फीडरचा भार पायरीपायरीनं उतरताना पाहिला की माझी मान अजून ताठ होते. पण त्या दुपारी एकच सबस्टेशन होतं, आणि एकच काटा.

वरिष्ठांनी वाकून काट्यावरचा आकडा वाचला. मग चष्मा काढून पुसला. "ठीक आहे," ते म्हणाले. "ह्या फीडरला दिवसाची लाईट कायम. आजच पत्र काढतो. गावाला सांगून टाका."

साहेबांनी मला खूण केली. मी अक्कांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "अक्का, झालं! दिवसाची लाईट कायम झाली! आता रात्री कधीच जायचं नाही!"

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला, मग अक्कांचा. "बरं झालं, बाई. पन फोन ठेव आता. ढग सरकला, दुसरा फड चालू करायचा हाय. लोक वाट पाहू राह्यले."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या बसलेल्या घशातून कसेबसे शब्द आले.

"ठेव, पोरी. तिले काम शे."